चौकट बेतताना: व्ह्यूची जागा आणि मापं ठरवणाऱ्या छोट्या मेथड्स कशा लिहाव्यात

आमच्या आयफोन-आयपॅडवरच्या ॲपमध्ये दिवाळी अंकांची यादी आहे. प्रत्येक ओळीत डावीकडे मुखपृष्ठ, मधे अंकाचं नाव, त्याखाली संपादकांचं नाव आणि उजवीकडे 'डाउनलोड' बटण. ही ओळ २०१३ साली ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये, म्हणजे ॲपलच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत, लिहिली गेली. पुढे मी ती स्विफ्ट या नव्या भाषेत आणली, पण ऑटो लेआउटवर (नियम दिले की जागा आपोआप ठरवणाऱ्या पद्धतीवर) नेली नाही. ती आजही फ्रेमवरच, म्हणजे हाताने दिलेल्या जागा-मापांवरच, चालते. मापं हातात असली की ओळीची उंची आधीच काढता येते, आणि जुन्या आयपॅडवरही यादी भराभर सरकते. ही ओळ मला खरोखर आवडते, म्हणून ती नीट ठेवण्यासाठी काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे.

टीममध्ये नवीन आलेली मुलं पहिल्या आठवड्यात मला हमखास एक प्रश्न विचारतात: "ताई, बटणाला राइट बरोबर दिलंय, तरी ते पडद्याबाहेर का जातंय?" त्याचं उत्तर दोन ओळींत देता येतं, पण ते पुढच्या वेळी उपयोगी पडत नाही. म्हणून जरा मुळापासून सुरू करू.

(कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एक्सकोडमध्ये, म्हणजे ॲपलच्या कोड लिहायच्या साधनात, ती नेहमीसारखी रोमन लिपीतच टाइप करायची.)

या मेथड्स लागतातच कशाला?

यूआयकिटमध्ये, म्हणजे ॲपलच्या पडदे बांधायच्या साहित्यात, प्रत्येक व्ह्यूला (बटण, लेबल, चित्र अशा पडद्यावरच्या घटकाला) फ्रेम असते. फ्रेम म्हणजे सीजीरेक्ट, आणि त्यात दोन गोष्टी असतात: ओरिजिन, म्हणजे डावा-वरचा कोपरा, आणि साइझ, म्हणजे रुंदी-उंची. बटण डावीकडून १६ पॉइंटवर (पॉइंट हे पडद्यावरच्या मापाचं एकक) न्यायचं असेल तर मनात पहिल्यांदा येतं ते असं:

बटण.फ्रेम.ओरिजिन.एक्स = १६

ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये हे कंपाइलच होत नाही. 'एक्स्प्रेशन इज नॉट असाइनेबल' असं उत्तर मिळतं. बटण.फ्रेम दिसायला व्हेरिएबलसारखं असलं तरी तो मेथड कॉल आहे, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याला मारलेली हाक, आणि तो तुम्हाला रेक्टची नक्कल देतो. नकलेतला एक्स बदलून व्ह्यूला काय कळणार? मग कोडच्या तीन ओळी लिहाव्या लागत: रेक्ट बाहेर काढा, त्यातला एक्स बदला, रेक्ट परत द्या. यादीच्या एका ओळीत चार व्ह्यू आणि प्रत्येकाच्या चार गोष्टी म्हटल्यावर पानभर नुसता हाच मजकूर होई. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक टीमकडे यूआयव्ह्यूची एक कॅटेगरी (तयार क्लासला बाहेरून जोडलेल्या मेथड्सचा गट) असायची: लेफ्ट, राइट, टॉप, बॉटम, विड्थ, हाइट, सेंटरएक्स, सेंटरवाय. त्या तीन ओळी एकदाच सेटरमध्ये (किंमत देणाऱ्या मेथडमध्ये) लिहायच्या आणि विसरून जायचं.

२०१४ साली स्विफ्ट आली आणि वरची ओळ चालू लागली. कंपाइलर स्वतःच रेक्ट काढतो, बदलतो आणि परत ठेवतो. तरीही फ्रेम.विड्थला किंमत देता येत नाही, कारण ती फक्त वाचण्यापुरती आहे. लिहायचं असेल तर फ्रेम.साइझ.विड्थ म्हणावं लागतं. फ्रेम.मॅक्सएक्स, म्हणजे उजवी कड, हीसुद्धा फक्त वाचता येते. म्हणजे स्विफ्टमध्येही उजव्या कडेला टेकवण्याचं गणित आपल्यालाच करायचं आहे. या मेथड्स जुन्या झाल्या असं कोणी म्हटलं तर मी हेच दाखवते.

'राइट' म्हणजे सरकव की ताण?

सगळ्यात जास्त घोळ या प्रश्नावर होतो, म्हणून इथे थोडं थांबूया.

बटणाची डावी कड १०० वर आहे आणि रुंदी ८४, म्हणजे उजवी कड १८४ वर. आता मी म्हणाले, राइट = ३५९. याचे दोन अर्थ होतात. एक, रुंदी ८४ च ठेवून आख्खं बटण सरकवा. डावी कड २७५ वर येईल. दोन, डावी कड १०० वरच राहू द्या आणि उजवी कड ३५९ पर्यंत ताणा. रुंदी २५९ होईल. दोन्ही अर्थ बरोबर आहेत, दोन्हींची गरज पडते, आणि 'राइट' या नावावरून कुठला घ्यायचा ते कळत नाही.

एका जुन्या प्रोजेक्टमध्ये आमच्याकडे दोन कॅटेगऱ्या होत्या. एक बाहेरून आणलेल्या लायब्ररीतून आलेली, दुसरी टीममधल्याच कोणी तरी लिहिलेली. दोन्हींत 'सेटराइट' होतं. पहिलं व्ह्यू सरकवायचं, दुसरं ताणायचं. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये एकाच क्लासवरच्या दोन कॅटेगऱ्यांत एकाच नावाची मेथड असेल तर चालताना कुठली वापरली जाईल याची खात्री नसते. कंपाइलर अडवतही नाही. कित्येक महिने सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी प्रोजेक्टमधल्या फाइलींचा क्रम बदलला आणि 'डाउनलोड' बटण मुखपृष्ठापासून थेट उजव्या कडेपर्यंत आडवं पसरलं. कोडची एकही ओळ बदललेली नव्हती. कारण सापडेपर्यंत माझे दोन दिवस गेले.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करते, तुम्हीही करा.

ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये यूआयव्ह्यूसारख्या आपल्या मालकीच्या नसलेल्या क्लासवर कॅटेगरी लिहिताना मेथडच्या नावाआधी तीन अक्षरं आणि अंडरस्कोर लावा. ॲपलची सूचनाही तशीच आहे. दिसायला बोजड वाटतं, पण टक्कर टळते.

आणि 'राइट'ला किंमत देण्याची सोयच ठेवू नका. राइट फक्त वाचण्यासाठी. बदलायचं असेल तर दोन वेगळी नावं ठेवा: मूव्हराइट(टू:) आणि स्ट्रेचराइट(टू:). लेफ्ट, टॉप आणि बॉटमसाठीही तसंच. मेथड लिहिण्याआधी मी तिच्या वर कॉमेंटमध्ये एकच वाक्य लिहिते: या मेथडमध्ये काय जागचं हलणार नाही. मूव्हराइट: रुंदी हलणार नाही. स्ट्रेचराइट: डावी कड हलणार नाही. सेटविड्थ: डावी कड हलणार नाही. सेटविड्थफ्रॉमसेंटर: मध्य हलणार नाही. हे वाक्य लिहिता येत नसेल तर ती मेथड अजून माझ्या डोक्यात स्पष्ट झालेली नसते, आणि मग मी ती लिहीतच नाही.

आधी माप, मग जागा

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. बटण नुकतंच तयार झालंय, त्याची रुंदी शून्य आहे. ओळ ३७५ पॉइंट रुंद, उजवीकडे १६ सोडायचे, म्हणून मूव्हराइट(टू: ३५९) केलं. रुंदी शून्य असल्याने डावी कडही ३५९ वर आली. कोडच्या पुढच्या ओळीत रुंदी ८४ दिली. डावी कड हलली नाही, म्हणून उजवी कड ४४३ वर गेली. बटण ओळीच्या बाहेर ६८ पॉइंट. कोडच्या दोन्ही ओळी आपापल्या परीने बरोबर होत्या, फक्त त्यांचा क्रम उलटा होता.

म्हणून माझ्या कोडमध्ये प्रत्येक व्ह्यूचं आधी माप ठरतं, मग जागा. बटणाला साइझदॅटफिट्सने विचारायचं तुला किती जागा लागते, ती द्यायची, आणि त्यानंतरच उजवीकडे टेकवायचं. दोन व्ह्यू एकमेकांवर अवलंबून असतील तर ज्याचं माप स्वतःच्या मजकुरावरून ठरतं तो आधी, आणि ज्याला उरलेली जागा मिळते तो नंतर. आमच्या ओळीत मुखपृष्ठ आणि बटण आधी, नाव शेवटी.

सरकवण्यापेक्षा बेता

आई इचलकरंजीत ब्लाउज शिवायची. कापडाला कात्री लावायच्या आधी ती ते जमिनीवर पसरायची आणि खडूने बेतायची: इथे पाठ, इथे बाह्या, चारी बाजूंनी शिलाईची माया. एक तुकडा आखून झाला की पुढचा विचार उरलेल्या कापडाचा. ओळीची मांडणी मी हल्ली अशीच करते. एकेक व्ह्यू सरकवून जागेवर आणण्यापेक्षा आख्खा रेक्ट घेऊन त्याचे तुकडे पाडणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

सीजीरेक्टकडे यासाठी डिव्हायडेड(ॲटडिस्टन्स:फ्रॉम:) आहे. किती अंतरावर आणि कुठल्या कडेकडून ते सांगायचं. ती दोन रेक्ट परत देते, कापलेला तुकडा आणि उरलेला. दर वेळी दोन्ही हातात घेणं कंटाळवाणं होतं, म्हणून मी सीजीरेक्टवर एक म्युटेटिंग (मूळ किंमतच बदलणारी) मेथड लिहिली आहे, तिचं नाव कट. ती तुकडा परत देते आणि मूळ रेक्टमध्ये फक्त उरलेलं ठेवते.

३७५ पॉइंट रुंद आणि ११६ पॉइंट उंच ओळ घेऊ. मुखपृष्ठ ६० बाय ८४.

प्रथम चारी बाजूंनी १६ ची माया, म्हणजे इन्सेटबाय(डीएक्स: १६, डीवाय: १६). उरलं ३४३ बाय ८४, डावी कड १६ वर. डावीकडून ६० कापले, ते मुखपृष्ठ. उरलेलं ७६ पासून सुरू होतं. डावीकडून आणखी १२ कापले, तो मोकळा पट्टा, कुणालाच द्यायचा नाही. आता ८८ पासून. उजवीकडून ८४ कापले, तो बटणाचा स्तंभ, २७५ ते ३५९. पुन्हा उजवीकडून १२, तोही मोकळा. हातात राहिलं ८८ ते २६३, म्हणजे १७५ पॉइंट. ही झाली नावाची जागा.

यात 'राइट' नाही, 'मूव्ह' नाही, वजाबाकीही नाही. ओळ ३२० पॉइंटची झाली की नावाला १२० मिळतात, ४१४ ची झाली की २१४. कोड तोच. २०१२ पर्यंत आयफोनची रुंदी ३२० पॉइंट आणि उंची ४८० हे आकडे आम्ही बेधडक कोडमध्ये लिहायचो. त्या वर्षी आयफोन ५ आला आणि उंची ५६८ झाली, आणि २०१४ साली आयफोन ६ बरोबर रुंदीही ३७५ झाली, प्लसवर ४१४. तेव्हा ३२० हा आकडा शोधून शोधून काढावा लागला होता. कापून बेतलेल्या ओळीत तो शिरायला जागाच मिळत नाही.

हे सगळं गणित रेक्टवर होतं, व्ह्यूवर नाही. शेवटी प्रत्येक व्ह्यूला फ्रेम एकदाच दिली जाते. लेफ्ट, टॉप, विड्थ, हाइट असं चार वेळा लिहिलं की फ्रेमचा सेटर चार वेळा चालतो, आणि कोणी सबक्लासमध्ये फ्रेमवर डिडसेट (किंमत बदलली की चालणारा कोड) लावला असेल तर तोही चार वेळा, त्यातला तीन वेळा अर्धवट मापांवर.

एक सावधगिरी. इन्सेटबायमध्ये माया रेक्टच्या निम्म्याहून जास्त झाली तर शून्य मापाचा रेक्ट मिळत नाही, 'नल' रेक्ट मिळतो, आणि त्याचा ओरिजिन अनंतावर असतो. पहिल्या लेआउटच्या वेळी व्ह्यूची रुंदी शून्य असली की नेमकं हेच होतं. त्यामुळे माया काढल्यावर इजनल तपासा, आणि तसं असेल तर तिथूनच परत फिरा. तो रेक्ट कुठल्याही व्ह्यूच्या फ्रेमपर्यंत पोहोचता कामा नये.

देवनागरी नावाला उंची किती?

आमच्या ओळीच्या पहिल्या डिझाइनमध्ये नावाच्या लेबलची उंची २० पॉइंट लिहिलेली होती. डिझाइनमधला नमुना मजकूर इंग्रजी होता आणि त्यावर ते छान दिसत होतं. मराठी नावं आली आणि 'कर्तृत्व'मधला ऋकार खालून कापला गेला, 'मुक्तीपूर्व'मधला ऊकार गेला, काही ठिकाणी रफार आणि वेलांटीचं टोक वरून गेलं. शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली, दोन्हीकडे आपल्या लिपीचं काही ना काही असतंच. लॅटिन अक्षरांवरून काढलेलं माप तिला पुरत नाही. संपादकांनी फोन करून सांगितलं की आमच्या अंकाचं नाव तुमच्या ॲपमध्ये चुकीचं छापलंय. कोडसाठी ती फक्त उंची होती, पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती शुद्धलेखनाची चूकच होती, आणि मला ते मान्य आहे.

तेव्हा लेबलची उंची आकडा म्हणून कुठेही लिहू नका. लेबललाच विचारा. त्यासाठी माझ्याकडे फिटहाइट(विड्थ:) नावाची मेथड आहे. ती साइझदॅटफिट्सला दिलेली रुंदी आणि भरपूर मोठी उंची देते, आणि उत्तरातली फक्त उंची घेते. रुंदी मी दिलेलीच राहते.

साइझटूफिट इथे वापरू नका. अनेक ओळींचं लेबल असेल तर साइझटूफिट सध्याची रुंदी धरून मजकूर बसवतं आणि मग रुंदीही मजकुराएवढी आखडून घेतं. यादीतल्या ओळी पुन्हा पुन्हा वापरल्या जातात. एका ओळीत 'हंगाम' असं छोटं नाव येऊन गेलं की लेबल अरुंद होतं, आणि पुढचं लांबलचक नाव त्याच अरुंद पट्टीत पाच ओळींचं होऊन बसतं. यादी वर-खाली सरकवत राहिलं की ओळी हळूहळू बिघडत जातात, आणि हा दोष पहिल्या पडद्यावर कधीच दिसत नाही.

मजकुराचं माप लेबलशिवाय, बाउंडिंगरेक्टने काढत असाल तर उत्तर अपूर्णांकात येतं. ते सीलने वरच्या पूर्णांकावर न्या. खाली नेलंत तर शेवटची ओळ गायब होईल.

आमचे बरेच वाचक साठीच्या पुढचे आहेत आणि फोनमध्ये अक्षर मोठं करून ठेवतात. आयओएस ७ पासून ही सोय आहे, आणि आयओएस ११ पासून यूआयफाँटमेट्रिक्सने आपला आवडता फाँटही त्या प्रमाणात वाढवता येतो. अक्षर वाढलं की नाव तीन ओळींचं होतं, बटणही रुंदावतं. म्हणून ओळीची उंची ११६ अशी ठरलेली नसते. मांडणीचं सगळं गणित मी एका स्ट्रक्टमध्ये (माहिती आणि गणित एकत्र ठेवणाऱ्या कोडच्या गठ्ठ्यात) ठेवलं आहे: त्याला रुंदी आणि मजकूर द्यायचा, ते मुखपृष्ठ, नाव, संपादक आणि बटण यांचे रेक्ट देतं, आणि एकूण उंचीही. एकूण उंची म्हणजे मुखपृष्ठाची खालची कड आणि संपादकांच्या नावाची खालची कड यांतली जी जास्त ती, अधिक १६. यादी उंची विचारते तेव्हाही हेच स्ट्रक्ट उत्तर देतं, आणि ओळ स्वतःला मांडते तेव्हाही हेच. दोन ठिकाणी दोन गणितं असली की ती आज ना उद्या वेगळी होतात आणि नाव खालच्या ओळीवर चढतं.

मध्यावर ठेवताना

बटण उभ्या दिशेने ओळीच्या मध्यावर हवं. इथे दोन चुका नेहमी होतात.

पहिली: बटण.सेंटर = ओळ.सेंटर. ओळीचा सेंटर तिच्या स्वतःच्या आतला नसतो, तिच्या पालक व्ह्यूच्या (सुपरव्ह्यूच्या, ज्याच्या आत ती आहे त्याच्या) हिशेबाने असतो. पालकात १०० वर सुरू होणारा २०० उंचीचा डबा घ्या. त्याचा सेंटर पालकात २०० वर आहे. तोच आकडा आतल्या व्ह्यूला दिला तर तो डब्याच्या तळाच्या कडेवर जाऊन बसेल, कारण डब्याची आतली उंचीच २०० आहे. हवा आहे तो डब्याच्या बाउंड्सचा (त्याच्या स्वतःच्या हिशेबातल्या रेक्टचा) मिडवाय, म्हणजे उभा मध्य, १००. मध्यावर आणणारी मेथड लिहाल तेव्हा तिच्यात सुपरव्ह्यू.बाउंड्स असू दे, सुपरव्ह्यू.फ्रेम नको. स्क्रोलव्ह्यूच्या बाउंड्सचा ओरिजिन मात्र स्क्रोलबरोबर सरकतो. तिथे मिडवाय म्हणजे आत्ता दिसणाऱ्या भागाचा मध्य.

अशीच गोष्ट लेफ्ट-राइटची. दोन व्ह्यूंचा पालक एकच असेल तरच त्यांच्या कडांची तुलना करता येते. पालक वेगळे असतील तर आधी कन्व्हर्टने एकाचा रेक्ट दुसऱ्याच्या हिशेबात आणा.

दुसरी चूक अर्ध्या पिक्सेलची. ११६ च्या ओळीत ३७ उंचीचं बटण मध्यावर ठेवलं तर वरची कड ३९.५ वर येते. दुप्पट घनतेच्या पडद्यावर (एका पॉइंटला दोन पिक्सेल) तो बरोबर ७९ वा पिक्सेल. तिप्पट घनतेवर मात्र ११८.५, आणि अर्धा पिक्सेल असा काही नसतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा मऊ पडतात. आपल्या शिरोरेषेवर हे लगेच दिसतं, कारण ती आडवी सरळ रेघ आहे. किंमत घनतेने गुणा, राउंड करा, पुन्हा घनतेने भागा. ११८.५ चे ११९ होतात, आणि कड ३९.६७ च्या आसपास येते. घनता ट्रेटकलेक्शनच्या डिस्प्लेस्केलमधून मिळते. हे गणित एका मेथडमध्ये ठेवा आणि मध्यावर आणणाऱ्या प्रत्येक मेथडमधून तिला बोलवा.

ट्रान्सफॉर्म असेल तर फ्रेमला हात लावू नका

मुखपृष्ठावर बोट ठेवलं की ते किंचित लहान होतं, असं ॲनिमेशन आमच्याकडे आहे. ट्रान्सफॉर्म (व्ह्यू लहान-मोठा करणारा किंवा फिरवणारा बदल) लावलेला असताना फ्रेमची किंमत भरवशाची नसते, ॲपलच्या कागदपत्रांत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. ६० बाय ८४ चं मुखपृष्ठ ४५ अंशांत फिरवलं तर त्याला वेढणारा चौकोन दोन्ही बाजूंनी साधारण १०१.८ चा होतो. त्या फ्रेमची विड्थ वाचून तुम्ही पुढचा व्ह्यू ठेवलात तर तो दूर जाईल, आणि तिला नवी किंमत दिलीत तर मुखपृष्ठच वेडंवाकडं होईल.

म्हणून व्ह्यूवरच्या माझ्या मेथड्स आतून फ्रेम वापरत नाहीत, सेंटर आणि बाउंड्स वापरतात. लेफ्ट म्हणजे सेंटर.एक्स वजा बाउंड्सच्या रुंदीचा अर्धा भाग. मूव्हलेफ्ट(टू:) म्हणजे सेंटर.एक्सला नवी कड अधिक तो अर्धा भाग. सेटविड्थमध्ये मात्र लक्ष द्या: बाउंड्सची रुंदी बदलली की सेंटर जागचा हलत नाही, म्हणजे व्ह्यू दोन्हीकडे सारखा वाढतो. डावी कड हलणार नाही असं आपण कॉमेंटमध्ये लिहिलंय, तर आधी लेफ्ट एका चलात ठेवा, रुंदी बदला, मग मूव्हलेफ्टने ती परत आणा. हे सगळं अँकरपॉइंट (व्ह्यूच्या आतला कुठला बिंदू सेंटर धरायचा ते) नेहमीचा, म्हणजे ०.५ आणि ०.५ असताना. तो कोणी बदलला असेल तर अर्ध्याऐवजी त्या प्रमाणात मोजावं लागेल.

या मेथड्स कुठून बोलवायच्या

लेआउटसबव्ह्यूजमधून (आतले व्ह्यू मांडायची वेळ आली की यूआयकिट बोलवतं ती मेथड), किंवा कंट्रोलरमध्ये व्ह्यूडिडलेआउटसबव्ह्यूजमधून. व्ह्यूडिडलोडमध्ये नाही, कारण तेव्हा व्ह्यूचं माप अजून स्टोरीबोर्डमधल्या फोनचं असू शकतं, वाचकाच्या हातातल्या फोनचं नाही.

लेआउटसबव्ह्यूज कितीही वेळा चालू शकतं. त्यात 'टॉप मध्ये १० मिळव' असं काही लिहिलं तर व्ह्यू दर वेळी १० खाली घसरेल. तिथली प्रत्येक किंमत बाउंड्सपासून नव्याने काढलेली हवी, व्ह्यूच्या आधीच्या जागेवरून नाही.

खालच्या पट्टीचं बटण ठेवताना बाउंड्सच्या तळातून सेफएरियाइन्सेट्सचा (कडेला मोकळ्या सोडायच्या जागेचा) बॉटम वजा करा. २०१७ च्या आयफोन एक्सपासून उभ्या फोनला वर ४४ आणि खाली ३४ पॉइंट सोडावे लागले. आमचं 'पुढचं पान' बटण नेमकं त्या खालच्या ३४ मध्ये होतं. वाचक ते दाबायला जात, बोट जरा वर सरकलं की ॲप बाजूला होऊन होमस्क्रीन येई.

ऑटो लेआउट वापरत असाल तर या मेथड्स त्या व्ह्यूवर चालवू नका; पुढच्या फेरीत कन्स्ट्रेंट्स (ऑटो लेआउटचे नियम) तुमची फ्रेम पुसून टाकतील. एक व्ह्यू एकाच पद्धतीने मांडायचा. ऑटो लेआउटच्या अँकर्सवरही (व्ह्यूच्या कडा एकमेकींना बांधायच्या खुणांवरही) छोट्या मेथड्स लिहिता येतात, पिन(टू:इन्सेट्स:) ही मी रोज वापरते. त्यात ट्रान्सलेट्सऑटोरिसाइझिंगमास्कइन्टूकन्स्ट्रेंट्स (फ्रेमवरून आपोआप नियम बनवण्याची सोय) फॉल्स करणं मेथडच्या आतच घालून टाका, म्हणजे ते विसरायचा प्रश्न उरत नाही. आणि लेफ्टऐवजी लीडिंग (वाचन सुरू होतं ती कड) लिहा, उद्या उर्दू आवृत्ती निघाली तर ओळ आपोआप उलटी मांडली जाईल. नवे पडदे आम्ही स्विफ्टयूआय या ॲपलच्या नव्या साहित्यात करतो, तिथे हा बराचसा भाग लागत नाही.

तपासणी

मांडणीचं गणित वेगळ्या स्ट्रक्टमध्ये ठेवल्याचा खरा फायदा इथे मिळतो. सिम्युलेटरवर पडदा न उघडता टेस्ट लिहिता येतात. माझ्या टेस्टमध्ये ३२०, ३७५ आणि ४१४ या रुंदी आहेत. प्रत्येक रुंदीला बटणाची उजवी कड रुंदी वजा १६ वर आहे का, नावाची उजवी कड बटणाच्या डाव्या कडेपासून १२ दूर आहे का, आणि कुठलेही दोन रेक्ट एकमेकांवर चढत नाहीत ना, एवढंच तपासते. चौथी टेस्ट शून्य रुंदीची, त्या नल रेक्टसाठी.

मजकुराची उंची मात्र मी डोळ्यांनी बघते. लेबलांना फिकट रंगांची पार्श्वभूमी देते, फोनचं अक्षर सगळ्यात मोठं करते आणि यादीत तीन नावं टाकते: एक दोन अक्षरांचं, एक तीन ओळी भरतील एवढं लांब, आणि एक ज्यात रफार, वेलांटी, ऊकार, ऋकार सगळं आहे. मग यादी तळापर्यंत नेऊन परत वर आणते, फोन आडवा करते, उभा करते, आणि पहिल्या ओळीतला ऋकार पूर्ण दिसतोय का ते पुन्हा एकदा बघते.